पेटी आणि संगणक

नाशिकच्या एका शाळेत मी संगीत शिकवतो आणि संगणक कक्षही सांभाळतो. आमची बरीच मुले पेठ, हरसूलकडची. यू-डायसची माहिती भरायची मुदत जवळ आली की पहिला बळी गाण्याच्या तासाचा. म्हणून ते काम आता मी सकाळी शाळा भरण्यापूर्वी उरकतो. (नेटही तेव्हाच नीट चालते.)

दोन्ही कामे कुठे जुळतात, ते एका मुलाने दाखवले. त्याच्या आजोबांच्या तारप्याची चाल पेटीवर बसेना, तेव्हा मी त्यालाच बेसूर ठरवले. चूक माझी होती. पेटीच्या सप्तकात १२ सूर पक्के ठरलेले. तारपा मात्र सुकलेल्या दुधी भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा, हाताने घडवलेला, त्यामुळे प्रत्येकाचे सूर थोडे निराळे. मग आजोबांचे वादन मुद्रित केले. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता लय संथ करता येते. तशी करून वर्गाला ऐकवली. मुलांनी ती कानानेच उचलली.

मूळ मुद्रण वेव्ह फाइलमध्येच ठेवावे. एमपी-३ करताना आवाजाचा काही भाग गाळला जातो. आणि प्रती दोन हव्यात. माझी एकच होती, संगणक बिघडला आणि अर्धे वादन गेले. आजोबांचा दम आता पुरत नाही.