निवृत्तीची गुपचूप मेजवानी : हॉटेल निवडतानाचे गैरसमज

आई किंवा वडील नोकरीतून निवृत्त झाले की मुलांनी त्यांच्या नकळत हॉटेलात जेवण ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या शहरांत आता रुळली आहे. त्यातला पहिला गैरसमज हॉटेलाचा नव्हे, तारखेचा असतो. मेजवानी निवृत्तीच्या दिवशीच रात्री व्हायला हवी, असे बहुतेक घरांत धरून चालतात.

सरकारी कर्मचारी वाढदिवसाला निवृत्त होत नाही. वाढदिवस ज्या महिन्यात येतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो; जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. केंद्र सरकारात हे वय ६० आहे, तर राज्य सरकारात बहुतेकांसाठी ५८ आणि गट ‘ड’साठी ६०. एके काळी शाळेत नाव घालताना खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसेल, तर मास्तर सरसकट १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रीघ लागते. तो काळ लग्नसराईचा आणि सुट्ट्यांचा, त्यामुळे हॉटेलांतल्या पार्टीच्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. शिवाय त्या दिवशी कार्यालयात निरोप समारंभ असतो. शाल-श्रीफळ, भाषणे, फोटो हे सगळे लांबते, आणि पुष्कळ ठिकाणी सहकारी निवृत्त माणसाला घरापर्यंत सोडायला येतात. त्यांचे चहा-फराळाचे बघावे लागते. एवढे उरकल्यावर पुन्हा कपडे बदलून बाहेर पडण्याचा उत्साह साठीच्या माणसात उरत नाही. त्यातून, काही शिजत असल्याचा संशय त्याला सर्वांत जास्त त्याच संध्याकाळी येतो. म्हणून पुढच्या आठवड्यातला शनिवार किंवा रविवारची दुपार बरी.

गुपित बहुधा पाहुण्यांच्या तोंडून फुटते, हा समजही अर्धाच खरा आहे. ते मोबाइलमधूनही फुटते. टेबल राखून ठेवल्याचा संदेश ज्या क्रमांकावरून नोंदणी झाली त्यावर जातो, आणि आगाऊ रक्कम आई-वडिलांच्या संयुक्त खात्यातून भरली तर बँकेचा संदेश दोघांनाही मिळू शकतो. नोंदणीचा क्रमांक आणि पैसे भरण्याचे खाते दोन्ही मुलांचीच असावीत.

‘नावाजलेले हॉटेल म्हणजे काळजी नको’ हा समज सर्वांत महागात पडतो. गर्दीची जुनी हॉटेले अनेकदा टेबल राखून ठेवतच नाहीत. वीस माणसांनी दारात नाव लिहून उभे राहायचे ठरवले, तर सत्कारमूर्तीसुद्धा रांगेतच भेटतात. थाळीच्या डायनिंग हॉलची अडचण वेगळी. तिथले जेवण उत्तम असते, पण वाढपी पाठोपाठ फिरत असतात, ताट रिकामे झाले की मुखवास येतो आणि बाहेर पुढची पंगत ताटकळत असते. अशा ठिकाणी कुणी दोन शब्द बोलायला उभे राहिलेच, तर त्यांच्या आणि श्रोत्यांच्या मधून आमटीचे भांडे जाते. कुटुंबातली पाच-सात माणसे असतील तर थाळी छान. नातेवाईक आणि जुने सहकारी मिळून वीस-पंचवीस होणार असतील, तर वेगळी खोली किंवा निदान वेगळा कोपरा देणारे साधे हॉटेल सरस ठरते.

मंद दिवे आणि संगीत म्हणजे चांगले वातावरण, असेही मानले जाते. तरुणांसाठी ते खरे असेल. पण वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारख्या वर्णांची ओळख त्याच आवाजांवर अवलंबून असते. आवाज कानावर पडतो, शब्द लागत नाही. भोवती गलका असला की अडचण वाढते, आणि साधे श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गलकाही मोठा करते. काच, फरशी आणि उघडे छत असलेल्या हॉटेलात आवाज परतून येतो. पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या तो शोषून घेतात. बसण्याची रचनाही महत्त्वाची आहे. लांबलचक टेबलाच्या टोकाशी मानाने बसवलेल्या माणसाला फक्त शेजारच्या दोघांचे बोलणे कळते. मध्यभागी, भिंतीकडे पाठ करून बसवले तर त्यालाही मेजवानीत भाग घेता येतो. हॉटेल पाहायला जायचे ते मेजवानीच्याच वारी आणि त्याच वेळेला. मंगळवारी दुपारी चारला कुठलेही हॉटेल शांतच असते.

पदार्थांची यादी भरगच्च असली की सगळ्यांचे भागते, हाही भ्रम आहे. आधी कॅलेंडर पाहावे लागते. संकष्टीला उपास चंद्रोदयानंतर सुटतो, एकादशीला सुटतच नाही, श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो, आणि एखाद्या मावशीचा ‘आज वार आहे’ हे ताट समोर आल्यावर कळते. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसणाबरोबर बटाटा आणि गाजरही चालत नाही, हे हॉटेलला आधी सांगावे लागते. वेळेची बाब याहून गंभीर आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण लांबले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आठला बोलावून, फोटो आणि केक उरकून दहाला ताट वाढणे हे आश्चर्य त्यांना सोसणारे नसते. पाहुणे येताच काहीतरी खायला मिळेल, हे ठरवून ठेवावे.

गच्चीवरची हॉटेले फोटोंत देखणी दिसतात. पण काही ठिकाणी लिफ्ट एक मजला खालीच थांबते आणि उरलेला जिना गुडघे दुखणाऱ्यांनी चढायचा असतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. त्यांत वाढदिवस साजरा करायला आलेली तरुणीही होती. बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे आणि तो मोकळा आहे का, हे नोंदणीआधी पाहावे. केकवर फवारायचा फेस ज्वालाग्राही वायूवर चालतो, त्यामुळे पेटत्या मेणबत्तीजवळ तो मारूच नये. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, म्हणून गाण्यांचा कार्यक्रम असेल तर बंद खोलीच हवी.

राहिला पैशांचा भाग. ‘पर प्लेट’ दर म्हणजे जितकी माणसे तितके पैसे, असे नाही. हॉटेले बहुधा किमान संख्येची हमी घेतात. पंचवीस सांगून अठराच आले तरी पंचवीस ताटांचे बिल होते. म्हणून आकडा थोडा कमी सांगून वाढीव ताटांचा दर लिहून घेणे शहाणपणाचे. जीएसटी सगळीकडे सारखा नसतो. साध्या रेस्टॉरंटात तो ५ टक्के असतो. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात सामान्यतः १८ टक्के. कॉम्पोझिशन योजनेतल्या लहान हॉटेलांना तो ग्राहकाकडून घेताच येत नाही. बाटलीबंद पाणी छापील किमतीलाच मिळायला हवे, हा समज मात्र चुकीचा आहे. बसून खाण्याच्या ठिकाणी जास्त दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. सेवाशुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या सक्तीला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. ते बिलात घातलेले आढळले तर काढायला सांगता येते, आणि हॉटेलने नकार दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.