दुखणे सांगण्याचा धडा

निवृत्तीनंतर आम्ही र्युसेल्सहाइमला मुलीकडे राहतो. गाव ओपेल मोटारींचे. होखशूले राइनमाइनचे इंजिनियरिंगचे वर्ग इथेच भरतात. तिथली काही मराठी मुले रविवारी आमच्याकडे डॉक्टरांशी बोलायला शिकतात.

मुले हुशार, पण डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावतात. एकाला पोटात मुरडा येत होता. "पोट दुखते" एवढेच सांगून गोळ्या घेऊन आला. मराठीत दुखण्याला शब्द किती! जर्मनमध्येही आहेत. चमक म्हणजे 'श्टेखेंड', ठणका 'पोखेंड', जळजळ 'ब्रेनेंड'. मुरड्याला 'क्राम्फआर्टिग' म्हणताना आमची जीभच मुरडते!

कुठे, कधीपासून, कशाने वाढते, हे कागदावर लिहून न्यायचे. डॉक्टर बोलले ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे. रुग्णाला समजेल असे सांगणे २०१३ च्या कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तीन किंवा अधिक औषधे कायम चालू असतील, तर २०१६ पासून औषधांचा छापील तक्ता मागता येतो. दवाखाना बंद असेल तर फोन ११६११७. जिवावर बेतले तर ११२.

तुम्ही कुपात होलिममध्ये नातवाला दुभाषा म्हणून नेता ना? आम्हीही इथे नेत होतो. तो शेजारी बसलेला, म्हणून लघवीचा त्रास वर्षभर सांगितला नाही. आता आमचा कागद आम्हीच लिहितो, आणि नातू बाहेर बाकावर बसतो.