वीस मिनिटांची काचनळी

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमागांची खडखड आठवते, नाहीतर माणकोली, राहनाळ, पूर्णा भागातली अफाट गोदामे. पण या गजबजाटाला लागूनच भाताची खाचरे आहेत, आदिवासी पाडे आहेत आणि पावसाळ्यात घोटाभर चिखलात वाकून लावणी करणारी माणसे आहेत. खाचरांत बेडूक, गोदामांत उंदीर. आणि त्या दोहोंच्या मागावर साप.

बँकेच्या नोकरीत पीककर्जांच्या निमित्ताने मी ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून पुष्कळ हिंडलो. तिथे 'साप चावला' असे कुणी सहसा म्हणत नसे; 'पान लागलं' म्हणत. त्यापुढचा प्रश्न मात्र सगळीकडे एकच असे: 'विष चढलंय का?' मग कडुलिंबाचा पाला चघळायला देत. कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर चढले! प्रश्न अगदी योग्य होता, चुकीची होती ती परीक्षा.

कारण या प्रश्नाचे उत्तर जिभेवर नसते, पुष्कळदा ते रक्तात असते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेलाच चाळवते. ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या होत राहतात आणि त्या पायी फायब्रिनोजेन हे गोठण्याला लागणारे प्रथिन खर्ची पडते. चालू खात्यावर एकाच सकाळी शेकडो चेक वटावेत आणि शिल्लक शून्यावर यावी, तसे. मग खरोखर रक्त थांबवायची वेळ आली की शरीराच्या हाती काहीच उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. वरकरणी रुग्ण शांत बोलत बसलेला असतो तेव्हाच हा खर्च आत चालू असतो.

तो ओळखण्याची एक परीक्षा इतकी साधी आहे की तिला वीजही लागत नाही. शिरेतले दोन-तीन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचनळीत घ्यायचे. नळी २० मिनिटे जराही न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठले असेल तर ठीक. पाण्यासारखे ओघळले तर विष रक्तात काम करते आहे आणि प्रतिसर्पविष ताबडतोब द्यायला हवे. १९७० च्या दशकात डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियात, आपल्या फुरशाच्याच जातभाईने चावलेल्या रुग्णांवर अशी साधी परीक्षा वापरली. पुढे जगभर तिचा प्रसार झाला.

नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची नळी इथे फसवते. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. पहिले उत्तर चांगले आले तरी थोड्या वेळाने पुन्हा पाहावे लागते, कारण विष हळूहळू भिनत असते. लस दिल्यावरही दर सहा तासांनी परीक्षा करतात. गोठण्याची प्रथिने पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो.

या परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. घाईत, निष्काळजीपणे केली तर ती बरेच रुग्ण हुकवते, असे श्रीलंकेतल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून सोय असेल तिथे प्रयोगशाळेत प्रोथ्रॉम्बिन टाइमही पाहतात. शिवाय नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. मण्यारीच्या दंशात रक्त उत्तम गोठते आणि पापण्या मात्र जड होऊ लागतात, श्वास अडू लागतो. तिथे नळीवर विसंबून चालत नाही.

या चारही सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे वापरतात, आणि ती तयार करण्यात मुंबईच्या हाफकिनचा मोठा वाटा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यात राहून विंचू आणि सापांच्या दंशावर मोलाचे संशोधन केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे विद्या आपल्या दाराशीच आहे. तरीही २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यात बहुसंख्य खेड्यातली, कष्टकरी. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला आहे.

सरकार आपले काम करील तेव्हा करील. घरच्यांचे काम दंश झाल्या क्षणीच सुरू होते. जखम कापू नये, चोखू नये, वर करकचून दोरी बांधू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हातपाय न हलवता माणसाला धीर द्यावा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. दंश किती वाजता झाला ते कागदावर लिहून न्यावे. आणि तिथे नम्रपणे, पण न संकोचता दोनच गोष्टी विचाराव्यात: 'डॉक्टर, वीस मिनिटांची चाचणी झाली का? आणि पुढची किती वाजता?'