‘अपसेट’ आधी उभं होतं

‘आज ती जरा अपसेट आहे,’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं, हिचं मन थाऱ्यावर नाही. पण हे क्रियापद पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत वावरत होतं तेव्हा त्याचा अर्थ चक्क उलटा होता : उभं करणं, उभारणं. शब्द फोडला की ते दिसतंच. ‘अप’ म्हणजे वर, ‘सेट’ म्हणजे ठेवणं. ज्या शब्दाने वस्तू उभ्या राहायच्या, त्याच शब्दाने पुढे होड्या उलटल्या!

ही उलथापालथ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. पालथं करण्यासाठी इंग्रजीत ‘ओव्हरसेट’ असं वेगळं क्रियापद होतं. ते मागे पडलं आणि त्याचं काम ‘अपसेट’ने उचललं. मग होडीवरून हा शब्द माणसाच्या मनात शिरला आणि पुढे पोटातही.

इथे मला मराठीचा हेवा वाटावा असा थाट दिसतो. आपली होडी उलटते, बेत फिस्कटतो, पोट बिघडतं, घडी विस्कटते आणि एखादं बोलणं मनाला लागतं. इंग्रजी या सगळ्यांवर एकच क्रियापद चालवते, आणि तेही भूतकाळात रूप न बदलता. काल अपसेट केलं की आज, हे वाक्यावरूनच ओळखायचं. उच्चारात मात्र बारीक फरक आहे : क्रियापद असेल तर जोर ‘सेट’वर, नाम असेल तर बहुधा ‘अप’वर. मराठीने हा शब्द घेतला तो विशेषणासारखा, ‘होणं’ आणि ‘करणं’ यांचा हात धरून.

खेळातला ‘अपसेट’, म्हणजे दुबळ्याने बलवानाला हरवणं, याची एक लाडकी कथा आहे. १३ ऑगस्ट १९१९ रोजी अमेरिकेत साराटोगाच्या मैदानावर ‘मॅन ओ वॉर’ हा घोडा हरला. एकवीस शर्यतींच्या कारकिर्दीतली त्याची ती एकमेव हार, आणि हरवणाऱ्या घोड्याचं नाव होतं ‘अपसेट’! खेळातला हा अर्थ तिथूनच आला, असं पुष्कळ लोक मानतात. ते खरं नाही. १८७७ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने घोड्यांच्या शर्यतीबद्दलच लिहिताना हा शब्द याच अर्थाने वापरला होता. म्हणजे अर्थ आधीचा, घोडा नंतरचा. मला तर हा योगायोगच त्या कथेपेक्षा अद्भुत वाटतो.

याहून थक्क करणारी गोष्ट आपल्या दाराशी आहे. तो जुना, उभं करणारा अर्थ मेलेलाच नाही. लिलावात ‘अपसेट प्राइस’ म्हणतात ती कोसळलेली किंमत नव्हे. माल ज्या किमतीला बोलीसाठी उभा केला जातो, ती ही किंमत. त्याखालची बोली धरत नाहीत. स्कॉटलंडमध्ये घरांच्या विक्रीत हा शब्द रुळला, आणि आपल्याकडे वाळूच्या लिलावात तो आजही चालतो. त्याला आपला प्रतिशब्दही किती नेटका आहे : हातची किंमत.

‘अपसेट’चा आणखी एक अर्थ लोहारकामात सापडतो. तो सतराव्या शतकातला, म्हणजे उलटवण्याच्या अर्थापेक्षाही जुना. सळईचं टोक लाल होईपर्यंत तापवायचं, सळई उभी धरायची आणि बाजूने न ठोकता थेट टोकावर घाव घालायचे. सळई आखूड होते, टोक मात्र फुगून जाड होतं. हे ‘अपसेट’ करणं. बोल्टचं डोकं याच तत्त्वाने घडतं. कारखान्यात हाच घाव यंत्र घालतं आणि त्या कामाला ‘अपसेट फोर्जिंग’ म्हणतात.

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात लिलावाची जाहीर सूचना दिसली, तर त्यात हा शब्द शोधून पाहा. तिथे तो अजून उभा आहे.