काचपात्रातील वनपरिसंस्था : 'वाणी'च्या विशेष संदर्भात

1829 मध्ये लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष पाहण्यासाठी बाटलीत माती भरली; तीत नेचा उगवला. काचपात्रातील वनाचा हा आरंभ होय. उदगीर परिसरातील पानझडी वृक्षांखालचा ओला पालापाचोळा व माती घेऊनही असे पात्र तयार करता येते. त्यात वाणी अर्थात पैसा हा बहुपाद प्राणी कुजकी पाने कुरतडतो. त्याच्या विष्ठेवर बुरशी वाढते व सूक्ष्म स्प्रिंगटेल ती खातात. गोम मात्र शिकारी असल्याने चिमट्याने बाहेर काढावी. दंशही वेदनादायक असतो. मराठवाड्यातील शेतकरी वाणीला सोयाबीनची कोवळी रोपे खाणारी कीड मानतात. वस्तुतः त्याचे प्रमुख खाद्य कुजके सेंद्रिय पदार्थच होत. एका पात्रात पाचोळा भरपूर व दुसऱ्यात अत्यल्प ठेवून, दोन्हींत सोयाबीन पेरल्यास वाणी अंकुरांकडे केव्हा वळतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नोंदवता येईल.