फ्रायर लेन ते 'ख्रिस्तायन'

नॉटिंगहॅमच्या फ्रायर लेनवरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. तिथल्या बाप्टिस्ट चॅपलमध्ये मे १७९२ मध्ये विल्यम कॅरी यांचं गाजलेलं प्रवचन झालं. एकेकाळी जोडे शिवणारे कॅरी पुढच्याच वर्षी बंगालला गेले आणि १८०५ मध्ये त्यांनी चक्क मराठीचं व्याकरण छापलं!

ख्रिस्ताची मराठी कविता मात्र त्याहून जुनी. विल्टशरचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. टिळकांचा धर्म बदलला, पण अभंग सुटला नाही. त्यांची भजनं चर्चमध्ये गायली जाऊ लागली. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. कधी शाळेत न गेलेल्या या बाईंनी पतीचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिलं.

"आमच्या मुलांना कुठलं मराठी यायला!" असं आपण सहज म्हणून जातो. मुलांनो, तुम्हीही म्हणता. पण स्टीफन्स मराठी शिकले ते तिशीनंतर, आणि लक्ष्मीबाईंनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर. घरात देव कोणताही असो, किंवा नसो, मनातलं काही चार ओळींत मराठीत लिहून पाहा. पुढच्या अंकासाठी पाठवा. शुद्धलेखन आम्ही बघू.