पोटावरची चरबी गप्प बसत नाही

आपल्या बेटावर असे मराठी घर क्वचितच सापडेल, की जिथे मधुमेहाची गोळी घेणारे कोणीच नाही. १९८७ साली देशभर पाहणी झाली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. २०१५ च्या पाहणीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले. “आमच्या नशिबातच साखर आहे,” असे म्हणून आपण गप्प बसतो. परंतु हे केवळ नशीब नव्हे.

चरबी म्हणजे शरीराचे मुके कोठार, असा पूर्वी समज होता. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन हे प्रथिन शोधून काढले. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला धाडतात. लठ्ठ माणसाच्या रक्तात हा निरोप भरपूर असतो, पण मेंदू तो नीट ऐकत नाही. अ‍ॅडिपोनेक्टिन हे दुसरे प्रथिन इन्शुलिनला मदत करते. पोटातील चरबी वाढली की ते घटते, इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि साखर रक्तात साचू लागते.

या संशोधनात आपल्या लोकांचाही वाटा आहे. मॉरिशसमधील रक्ततपासणीवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांच्या रक्तात लेप्टिन अधिक होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव जास्त दिसला. स्त्रियांत मात्र तसे आढळले नाही. म्हणून केवळ एका प्रथिनावरून कोणाचे भविष्य सांगता येत नाही.

मग घरी काय करावे? शिंप्याची फीत काढावी. आपल्या वंशाच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. हातपाय बारीक असले तरी पोट सुटलेले असू शकते. फीत पुढे गेली, तर उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे.

आपले पूर्वज दिवसभर उसाच्या शेतात राबत. आपण दिवसभर खुर्चीवर बसतो, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. चतुर्थीचा मोदक कोणी सोडू नये. रोजचे गोड पेय सोडावे, रोज अर्धा तास चालावे. १९८७ मध्ये सरकारने रेशनचे पाम तेल बदलून सोयाबीनचे आणले आणि पाच वर्षांत लोकांचे कोलेस्टेरॉल उतरले. तेल बदलले तसे आपले ताटही बदलू शकते. मुलांना वारसा द्यायचाच तर भाषेचा देऊ, सणांचा देऊ. या रोगाचा नको.